हसण्यावारी नेऊ नका

परवा गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये मी चक्क भांडलो. मी भांडलो ही आमच्या सोसायटीत बातमी आहे. एकोणीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाची भांडायची ताकद केव्हाच संपलेली असते. समोरचा 'पासबुक का भरून देत नाही?' म्हणून ओरडतो, आपण प्रिंटरकडे बोट दाखवतो. एवढाच काय तो आमचा रणसंग्राम. पण त्या रात्री पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून, चहाचा कागदी पेला मुठीत चुरगाळत मी म्हणालो, "हे मला मान्य नाही!" पेल्यात अजून चहा होता, हे नंतर लक्षात आलं. घरी आल्यावर ही म्हणाली, "तुमचा आवाज सोसायटीला आज पहिल्यांदाच कळला." मला वाटलं कौतुक करते आहे. तर पुढे म्हणाली, "शर्ट भिजत घाला."

भांडण कशावरून? क्लॅरोनेटवरून.

झालं असं, की मीटिंगच्या आठ दिवस आधी आमच्या सेक्रेटरींनीच सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. 'ले बाँ बेक' नावाची फ्रान्समधली मंडळी आहेत. चार क्लॅरोनेटवाले आणि एक तालवाद्यवाला. हा पाच जणांचा संच फिरून कार्यक्रम करतो आणि लोकांना हसवतो. नावातच कोटी आहे. फ्रेंचमध्ये 'बेक' म्हणजे पक्ष्याची चोच, आणि क्लॅरोनेटचा जो भाग ओठांत धरायचा तोही 'बेक'च. ही माणसं खुर्च्या मांडून, दुखवट्याला आल्यासारखे चेहरे करून वाजवत नाहीत. वाजवता वाजवता चालतात, नाचतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. आणि हे सगळं करताना सूर मात्र जागचा हलत नाही. मी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला. तिसऱ्यांदा बँकेत पाहिला, आणि एका आजोबांचं पेन्शन चार मिनिटं उशिरा मिळालं. आजोबांची क्षमा मागतो.

व्हिडिओच्या खाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'व्वा! याला म्हणतात कला! आपल्याकडे असं का होत नाही?'

मी भोळा माणूस. प्रश्न आला की उत्तर द्यायचं ही काउंटरची सवय. म्हणून मीटिंगमध्ये सांस्कृतिक कार्यक्रमाचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "आपल्याकडे असं होतं. मी पाहिलंय. मागे माझी बदली तालुक्याच्या गावी झाली होती, तिथल्या एका बँड पार्टीचा असा कार्यक्रम आहे. आपण त्यांना बोलावू."

क्षणभर शांतता पसरली. मग सेक्रेटरी अत्यंत प्रेमाने, मतिमंद पुतण्याची समजूत काढावी तसं म्हणाले, "अहो, बँडवाले आहेतच ना विसर्जनाला."

"विसर्जनाला नाही. स्टेजवर."

"बँड? स्टेजवर?" असं म्हणून ते हसले. मग खजिनदार हसले. मग ज्यांचा हप्ता थकला आहे ते सगळे हसले. माझं भांडण तिथे सुरू झालं.

आता तो कार्यक्रम काय होता ते सांगतो, म्हणजे मी कशासाठी शर्ट खराब केला ते कळेल. गावातल्या शाळेच्या पटांगणावर गॅदरिंग होतं. बँडचे मालक-कम-मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवतात. (बरोबर उच्चार 'क्लॅरिनेट' आहे हे मला ठाऊक आहे. पण जो माणूस ते चाळीस वर्षं वाजवतो आहे तो 'क्लॅरोनेट' म्हणतो, आणि वाद्याच्या नावावर वाजवणाऱ्याचा हक्क जास्त, असं माझं मत आहे.) स्टेजवर मास्तर पितळेची वाद्यं आणत नाहीत. ट्रम्पेट, युफोनियम सगळे त्या दिवशी प्रेक्षकांत. स्टेजवर फक्त तीन क्लॅरोनेट, एक साइड ड्रम, एक मोठा ढोल आणि एक खुळखुळा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब, पितळ ओरडतं. ओरडणाऱ्याला इनोद सांगता येत नाही."

नाटक साधं. एक लग्नाची वरात, पारापासून मांडवापर्यंत. संवाद एकही नाही. एक क्लॅरोनेट नवरदेवाकडचं, एक मुलीकडचं, आणि मधे मास्तर, म्हणजे बँड. नवरदेवाचा मामा येतो. हे काम ढोलवाला करतो. शंभराची नोट डोक्यावरून ओवाळतो आणि फर्माईश करतो. मास्तर सुरू करतात, तोवर दुसरीकडून मुलीचा काका दुसरी नोट घेऊन दुसरं गाणं मागतो. मास्तर एका ओळीच्या मध्यावर एक गाणं सोडून दुसऱ्यात शिरतात, परत पहिल्यात येतात, आणि शेवटी दोन्ही गाणी एकमेकांत अशी गुंफतात, की मामा आणि काका दोघेही आपलंच गाणं चालू आहे समजून नाचतात. खुळखुळावाला घोडा होतो. हा घोडा ढोल वाजला की बुजतो आणि ढोल थांबला की भाव वाढवून मागतो. वरमाई रुसते तेव्हा दुसरं क्लॅरोनेट खालच्या पट्टीत अशी कुरकुर करतं, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला आवाज ओळखीचा वाटला होता. आणि कळस म्हणजे जेवणाची पंगत. सगळे वऱ्हाडी जेवताहेत, बँडवाले मांडवाबाहेर उभे. मास्तर एकच सूर धरतात, लांब, आणि त्या सुरात नेमका शेवटी रीड चिरकतो. पोट कुरकुरावं तसा. पटांगण हसून लोळलं. मीही हसलो. हसताना घशात काहीतरी अडकलं ते खाली गेलंच नाही.

ते चिरकणं खरं नव्हतं, हे मी मास्तरांना नंतर विचारून घेतलं. क्लॅरोनेटमध्ये वेताची एकच पातळ रीड असते. ओठांचा दाब किंचित चुकला की सूर चिरकतो, आणि उभा जन्म तो चिरकू नये म्हणून माणूस रियाज करतो. मास्तर मात्र तो हव्या त्या क्षणी, हवा तेवढा चिरकवतात आणि पुढच्या श्वासाला सूर पुन्हा जागेवर. मुद्दा नीट लक्षात घ्या. साधी चूक करायला अक्कल लागत नाही, ती आम्ही रोज करतो आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत शोधत बसतो. पण मुद्दाम केलेली चूक, नेमक्या जागी, नेमक्या मापाची, हे येरागबाळ्याचं काम नाही. बँकेत तिला अफरातफर म्हणतात आणि स्टेजवर विनोद. दोन्हीसाठी आधी हिशेब चोख यावा लागतो.

सेक्रेटरींचा पहिला आक्षेप असा, की संगीत ही गंभीर गोष्ट आहे, तिची थट्टा होऊ नये. हे वाक्य त्यांनी छातीवर हात ठेवून म्हटलं. आता आपल्याकडे संगीत गंभीर केव्हापासून झालं ते मला जरा कुणीतरी सांगावं. नाथांच्या भारुडात सोंग आहे, नाच आहे, टाळ आहे आणि हसूही आहे. चारशेपेक्षा जास्त वर्षं झाली, भागवत धर्माला काही धक्का बसलेला दिसत नाही. कीर्तनकार पूर्वरंगात ब्रह्म सांगतो आणि उत्तररंगात आख्यान लावून माणसं हसवतो, मागे तबला-पेटी चालूच. तमाशात सोंगाड्या आणि ढोलकीवाला यांची जी जुगलबंदी लागते तिला आपण काय म्हणायचं, थट्टा की संगीत? 1968 सालच्या 'पडोसन'मध्ये मन्ना डे आणि किशोरकुमार यांचा जो सामना आहे, तो ऐकून शास्त्रीय संगीत मेलं नाही. उलट आमच्यासारख्या कॉमर्सच्या पोरांना 'सरगम' ही काय चीज आहे ते तिथेच प्रथम समजलं. आणि दादा कोंडके! या माणसाने उभा महाराष्ट्र हसवला. त्यांची सुरुवात कुठे झाली? बँडमध्ये. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तेच म्हणतोय मी." यावर काय बोलणार!

परदेशातली साक्ष हवी असेल तर तीही आहे, कारण आपल्याकडे परदेशी साक्षीला वजन जास्त. मोझार्टने 1787 साली एक रचना केली, तिचं नावच 'सांगीतिक विनोद'. वाईट संगीतकार कसे चुकतात ते त्याने त्यात मुद्दाम, अत्यंत चोखपणे चुकून दाखवलं. आणि खुद्द क्लॅरोनेटचा किस्सा ऐका. 1924 साली न्यू यॉर्कमध्ये गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू'ची तालीम चालू होती. सुरुवातीला क्लॅरोनेटची एक धावती तान होती. रॉस गॉर्मन नावाच्या वादकाने तालमीत गंमत म्हणून ती तान सुट्या सुरांत न वाजवता मींड घेत, मांजरीने आळस द्यावा तशी खालून वर ओढत नेली. गर्श्विन रागावला नाही, 'असंच वाजव' म्हणाला. आज त्या रचनेचं नाव काढलं की लोकांना आधी तीच थट्टा आठवते. गॉर्मनच्या जागी आमच्या सोसायटीची कमिटी ऐकायला असती तर त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली असती.

खरं तर हे वाद्य जन्मतःच थोडं मिस्कील आहे. 1700च्या आसपास जर्मनीत न्यूरेंबर्गला डेनर नावाच्या कारागिराने ते घडवलं असं मानतात. बासरीत सा वाजवून जोरात फुंकलं की वरचा सा मिळतो. सरळ व्यवहार. क्लॅरोनेटवर सा धरून मागची कळ दाबा, वरचा सा येतच नाही. त्याच्याही वरचा पंचम येतो! म्हणजे चेक लिहावा दोनशेचा आणि हातात पडावेत तीनशे. असल्या वाद्याकडून गंभीर चेहऱ्याची अपेक्षा ठेवणारा माणूस एक तर संत असला पाहिजे नाही तर सेक्रेटरी.

दुसरा आक्षेप मात्र त्यांनी उघड मांडला नाही, आणि खरा तोच होता. तो असा, की ही बँडवाली माणसं आहेत. फ्रेंच माणसाने क्लॅरोनेट वाजवत उडी मारली की ती कला. आमच्या तालुक्यातल्या माणसाने मारली की माकडचेष्टा. तिकडच्याला थिएटर, प्रकाशयोजना, पुढच्या खुर्च्यांवर सुटाबुटातली मंडळी. इकडच्याला कडेला सोनेरी पट्टी लावलेला, तिसऱ्याच कुणाच्या मापाचा लाल कोट, दुपारी एकचं ऊन, आणि चालत राहायचं. त्या कोटावरून मास्तरांना मी एकदा विचारलं. म्हणाले, "माणसं बदलतात साहेब, कोट तेच असतात." ही माणसं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवशी आपल्यापुढे चालतात आणि आपण त्यांचा चेहरा पाहत नाही. माझ्या लग्नात कोण क्लॅरोनेट वाजवत होतं? मला आठवत नाही. अल्बममध्ये शोधलं. एका फोटोत अर्धा कोट आला आहे, बाकीचा फोटोग्राफरने कापला.

रस्त्यावर आपण त्यांना हसतोच की. कोटाला हसतो, चुकलेल्या गाण्याला हसतो, ढोलवाल्याच्या पोटाला हसतो. तेव्हा संगीताची थट्टा होते असं कुणाला वाटत नाही. तीच माणसं तीन फूट उंच फळीवर चढून 'आता आम्ही सांगू तेव्हा हसा' म्हणाली, की आपल्या सांस्कृतिक जाणिवा दुखावतात.

आणि धंद्याचं म्हणाल तर तो मी जवळून पाहिला आहे, कारण मास्तर कर्ज मागायला माझ्याच काउंटरवर आले होते. नवी वाद्यं घ्यायची होती. फॉर्मवर 'दरमहा उत्पन्न' असा रकाना असतो. मास्तर म्हणाले, "दरमहा कसं लिहू? मुहूर्त असेल त्या महिन्यात आहे." चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे चार महिने भाकरीला पंचांगाची परवानगी नाही. मधे गणपतीचे दिवस तेवढे हात देतात, आणि तिथे आता भिंतीएवढे स्पीकर उभे राहतात. त्यात 2020चा लॉकडाउन आला. लग्नाला फक्त पन्नास माणसं. 2021च्या एप्रिलमध्ये तर आपल्या राज्यात पंचवीस माणसं आणि दोन तास. पंचवीस माणसांत नवरा-नवरी, आईबाप, भटजी धरले तर उरलेल्यांत आत्याला बोलवायचं की ट्रम्पेटला, असा प्रश्न पडल्यावर कोण ट्रम्पेटला बोलावणार? त्या दोन हंगामांत मास्तरांची चार माणसं बँड सोडून गेली. एक रिक्षा चालवतो, एक गवंड्याच्या हाताखाली आहे, बाकी दोघांचा पत्ता नाही. कर्जाचं पुढे काय झालं? साहेबांनी शेरा मारला, 'उत्पन्न अनियमित'. शिक्का मीच मारला. या लेखातला राग थोडासा त्या शिक्क्याचाही असेल.

उरलेल्या माणसांना घेऊन मास्तरांनी हा वरातीचा प्रयोग बसवला, का, तर स्टेजला मुहूर्त लागत नाही. गॅदरिंग, जत्रा, गणपती, सत्कार, कुठेही करता येतो. सहा माणसं, एक टेम्पो. मागणं किती? आठ हजार आणि जेवण. जेवण मांडवात बसून, एवढी एकच अट. आमच्या कमिटीने त्याऐवजी जो ऑर्केस्ट्रा ठरवला आहे त्याचे चाळीस हजार. त्यात वाद्यं पेन ड्राइव्हवर येतात आणि गायक ओठ हलवतात.

आता सेक्रेटरींच्या विरोधाचं आणखी एक कारण आहे. ते मी मीटिंगमध्ये बोललो नाही, कारण त्यांच्या सौभाग्यवती हजर होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या चिरंजीवांचं लग्न झालं. वरातीत भर चौकात सेक्रेटरींनी बँडवाल्यांना फर्मावलं, 'नागिन!' 1954 सालच्या त्या सिनेमाची धून वाजल्याशिवाय भारतात कायदेशीर लग्न लागत नाही, हे आपण जाणतोच. गंमत अशी, की हेमंतकुमारांच्या संगीतातली ती पुंगी पुंगी नव्हतीच. क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य कल्याणजींनी वाजवलं होतं, जोडीला रवींची पेटी. म्हणजे पुंगीची नक्कल विजेच्या वाद्याने, त्या वाद्याची नक्कल क्लॅरोनेटने, आणि नागाची नक्कल आमच्या सेक्रेटरींनी. रुमालाचं टोक दातांत धरून ते डांबरावर आडवे झाले. क्लॅरोनेटवाला बिचारा त्यांच्या तोंडावर वाकून वाजवत राहिला. पाच मिनिटांनी नाग दमला, पण गुडघ्याने दगा दिल्यामुळे उठेना. तो क्लॅरोनेटवालाच एका हाताने सूर धरून दुसऱ्या हाताने त्यांना उठवत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी संगीताची थट्टा कोण करत होतं?

मास्तरांच्या वरातीतही एक नाग आहे. बहुधा प्रत्येक वरातीत असतो म्हणून त्यांनी घेतला असावा. स्टेजवर तो नाग मोठा ढोल पोटाला बांधूनच आडवा होतो, आणि मग कासवासारखे हातपाय हलवत राहतो. सेक्रेटरींना याचा सुगावा मी दिला नव्हता. पण मीटिंगमध्ये वरातीची गोष्ट सांगायला लागलो तेव्हा 'मग मामा आडवा होतो' इथपर्यंत आल्यावर ते एकदम म्हणाले, "पुरे, विषय क्रमांक पाच!" विषय क्रमांक पाच पाण्याच्या टाकीचा होता. म्हणजे संगीताच्या पावित्र्याची चिंता खरी, पण तिचं मूळ गुडघ्यात होतं.

ठराव काय झाला ते सांगतो. सांस्कृतिक कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा. बँड, प्रथेप्रमाणे विसर्जन मिरवणुकीपुरता. माझं मत विरुद्ध, एक. इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं आहे. मी हरकत घेतली, तर सेक्रेटरी म्हणाले, "एका मताने काय फरक पडतो? हसण्यावारी न्या." वर्गणी मी भरली होतीच. पावतीवर 'सांस्कृतिक कार्यक्रमार्थ' असं छापलं आहे. ती जपून ठेवली आहे.

मास्तरांना फोन करून सांगितलं. मला वाटलं नाराज होतील. ते म्हणाले, "साहेब, मिरवणूक तर मिरवणूक. कुठंतरी धा मिन्टं उभं राहायला जागा द्या. सहा माणसं गोल उभी राहिली की झालं स्टेज."

"पितळ?"

"पितळ टेम्पोत गप बसंल. तुम्ही फकस्त जागा सांगा."

जागा मी बघून ठेवली आहे. फाटकातून बाहेर पडल्यावर वळणाशी रस्ता रुंद होतो, वर दिव्याचा खांब आहे, उजेड चांगला पडतो. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून सगळं स्वच्छ दिसतं. बाल्कनी सेक्रेटरींची आहे. जेवणाचं हिला सांगितलं आहे. सहा पानं, टेबलावर बसून. ही म्हणाली, "सात करा. गुडघा धरून का होईना, ते खाली येतील."